उंबऱ्याच्या उंचीचा डेक

आमच्या मागच्या अंगणातला लाकडी डेक पाहून येणारा प्रत्येक पाहुणा म्हणतो, "वा, रिसॉर्टच केलंत की!" यांची छाती फुगते. मी चहाचे कप उचलते आणि आत जाते. मला तो डेक बघवत नाही.

रो-हाऊसचं मागचं अंगण म्हणजे काय, तर एक नळ, धुण्याचा दगड, कढीपत्त्याचं झाड आणि शेजाऱ्यांशी सामाईक असलेली छातीएवढी भिंत. स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून तिथे उतरायला तीन पायऱ्या होत्या. माझ्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि नेमके तेव्हाच हे अंबडच्या कारखान्यातून निवृत्त झाले. घरात स्वस्थ बसवेना. मोबाइलवर व्हिडिओ बघून एक दिवस जाहीर केलं, "मी तुला डेक करून देतो. खुर्ची टाकून बस मजेत." सुतार बोलवा म्हटलं, तर ऐकतील तर शपथ!

यांचा भाचा पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये कामाला आहे. तिथली टाकाऊ पॅलेटं, म्हणजे पेट्या रचायच्या लाकडी चौकटी, टेम्पोत घालून आली. मग खिळे उपसणं, रंधा मारणं, वाळवीचं औषध लावणं. घरभर भुसा, पोह्यांतसुद्धा भुसा. दोन फळ्यांमध्ये पाणी निचरायला फट हवी म्हणून हे रुपयाचं नाणं खोचून खोचून फळ्या ठोकत होते. इतकं मन लावून यांनी आयुष्यात काही केलेलं मी पाहिलं नव्हतं. खरं सांगते, त्या दिवसांत हे मला फार आवडले.

वाजलं ते उंचीवरून. यांना डेक खालीच हवा होता, एक सोपी पायरी ठेवून. मी हट्टाला पेटले. "एकही पायरी नको. उंबऱ्याला लावूनच करा." शेवटी माझंच खरं झालं. भिंतीचा विचार आम्हा दोघांपैकी एकालाही सुचला नाही.

त्या भिंतीपलीकडे माझी मैत्रीण राहते. शाळेतून निवृत्त झालेली, माझ्याच वयाची, बोलायला फटकळ आणि मनाने लोण्यासारखी. आमची सगळी मैत्री भिंतीवरची. ती तिकडे कपडे आपटणार, मी इकडे भांडी घासणार, आणि जगाची खबर घेणार. भिंतीवरून वाटी जायची आणि रिकामी कधी परत यायची नाही. माझा भाऊ गेला तेव्हा मी घरात रडले नाही, त्या भिंतीला टेकून रडले. तिच्या लेकीचं लग्न मोडत आलं होतं, हे तिच्या नवऱ्याच्या आधी मला कळलं होतं. पुढच्या दाराने आम्ही एकमेकींकडे फारशा कधी गेलोच नाही. ते दार पत्रिका द्यायला आणि माणूस गेल्यावर भेटायला.

पॉलिशचा शेवटचा हात वाळला तो रविवार होता. मी चपला काढून उंबऱ्यावरून थेट फळ्यांवर पाय ठेवला. गुडघा कुरकुरला नाही. इतका आनंद झाला की मी तिला हाक मारली, "अगं, बघ तरी!" आणि खाली पाहिलं. भिंत माझ्या कमरेच्याही खाली आली होती. पलीकडे ती न्हाऊन, छातीशी परकर बांधून, उन्हात केस वाळवत बसली होती. दर रविवारी बसत असणार, भिंतीच्या भरवशावर. तिने झटकन टॉवेल ओढला आणि हसली. "बाई बाई, तू तर माडीवरच जाऊन बसलीस!" मीही हसले.

त्यानंतर ती उन्हात दिसली नाही. कपडे मशीनला गेले. मी डेकवर बसले की तिचं दार लोटलेलं असायचं. आणि एका सकाळी तिच्या मुलाने भिंतीवर निळे पत्रे ठोकले, पुरुषभर उंच. "मांजरं फार येतात गं," ती पलीकडून म्हणाली. मांजरं! पत्र्यावर सगळ्यांत आधी मांजरच चढतं. पण मी म्हणाले, "हो ना, फार झालीत."

मग मी खुर्ची टाकून मजेत बसायचे, समोर पत्रा. पलीकडे कुकरची शिट्टी व्हायची, बादली सरकायची, आणि मी तोंड मिटून ऐकत राहायचे. एकदा हे माझ्याकडे आणि पत्र्याकडे आळीपाळीने बघत राहिले आणि म्हणाले, "पाय कापू का डेकचे?"

"राहू द्या हो. एवढं केलंत."

"तुझ्यासाठीच केलं होतं ना?"

यांनी फळ्या सोडवल्या, खांब कापले, पुन्हा ठोकल्या. कापलेल्या टोकांना परत पॉलिश केलं, कोणाला दिसणार नव्हतं तरी. डेक जमिनीसरसा झाला. आता पायऱ्या उतरताना मी यांच्या खांद्यावर हात ठेवते. डेकवर उभं राहिलं की भिंत पूर्वीसारखी छातीशी लागते. फक्त पत्रे तसेच. आणि पत्र्यापलीकडून तिला कसं कळावं की मी खाली आलेय?

फोनवर हे सांगण्यासारखं नव्हतं. ओरडून तर नाहीच. परवा मी साबुदाण्याच्या खिचडीची वाटी भरली, साडी नीट केली आणि गल्लीतून फिरून तिच्या पुढच्या दाराशी गेले. बेल वाजवली.

तिने दार उघडलं. मला उंबऱ्याबाहेर पाहून तिचा चेहरा पांढराफटक पडला. वाटीकडे तिचं लक्षच गेलं नाही. माझे दोन्ही दंड धरून ती म्हणाली,

"कोण गेलं गं?"