आजोबांना मारायचं नाही

वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर बारा वर्षं बसल्यावर माणसं कशी बोलतात हे बाईंना तोंडपाठ झालं होतं. त्यामुळे टीव्हीवरच्या एका मालिकेत सून सासूला "आपण माझ्या भावनांचा अनादर केलात" म्हणाली, तेव्हा त्यांना राहवेना. त्यांनी वाहिनीला पत्रच धाडलं: घरात असं कुणी बोलत नाही हो!

आठवड्याने दिग्दर्शकाचा फोन आला. "मग कसं बोलतात ते तुम्हीच लिहून दाखवा."

जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून बाईंनी पाठकोऱ्या अर्जांवर सहा पानं लिहिली. त्यात सून एवढंच म्हणाली, "राहू द्या, मीच करते." दिग्दर्शक पोट धरून हसला. त्याच्या घरीही हेच चालायचं. वर्षभरात बाईंनी नोकरी सोडली आणि पुढे स्वतःची मालिका लिहायला घेतली.

त्या मालिकेतले आजोबा म्हणजे हुबेहूब त्यांचे सासरे. रेडिओ उघडणार, पुन्हा जोडणार आणि दोन स्क्रू उरले की "हे जास्तीचेच होते" म्हणून खिशात टाकणार. सासऱ्यांना हे कळत नव्हतं थोडंच! "फार चोंबडा आहे हा म्हातारा," असं म्हणायचे, पण तो पडद्यावर आला की घरात कुणाला खोकूही द्यायचे नाहीत.

तिसऱ्या वर्षी आजोबांचं काम करणारा नट जिन्यावरून घसरला आणि पाय मोडून बसला. निर्माता म्हणाला, "आजोबांना मारून टाका. रडारड चांगली चालते."

बाईंनी निमूटपणे मरणाचा प्रसंग लिहिला, स्वतःच मुसमुसल्या आणि भाजी आणायला गेल्या. परत येऊन बघतात तर सासरे चष्मा नाकावर ओढून पानं वाचतायत.

"सूनबाई, मी कशाने गेलो?"

"झोपेत, बाबा."

"शेवटचं काय बोललो?"

"काहीच नाही."

"काहीच नाही? मी?"

दोघांनाही हसू आवरेना. डोळे पुसत सासरे म्हणाले, "अगं, पाय मोडलाय ना त्याचा? तोंड तर शाबूत आहे!"

पिशवी तशीच हातात धरून बाईंनी दिग्दर्शकाला फोन लावला. नवीन भागात आजोबा गावाला मित्राकडे गेले आणि तिथून घरातल्या एकेकाला फोन करून नको तिथे नाक खुपसू लागले. नटाच्या पलंगाशी माईक नेऊन आवाज मुद्रित केला. निर्मात्याने आधी तोंड वाकडं केलं, पण पंधरा दिवसांत दुकानादुकानांत लोक विचारू लागले, "आज आजोबा कुणाला फोन करणार?" नटाचा पाय बरा झाला तरी लोक आजोबांना घरी परत आणू देईनात!

मालिका नऊ वर्षं चालली. शेवटच्या दिवशी बाई सासऱ्यांना चित्रीकरण बघायला घेऊन गेल्या. नटाने वाकून नमस्कार केला आणि दोघे म्हातारे शेजारीशेजारी खुर्च्या टाकून बसले. मग जे बोलायला लागले! दिग्दर्शक तीनदा "शांतता!" म्हणून ओरडला. शेवटी त्याने हात टेकले आणि सगळ्यांसाठी चहा सांगितला.