इंगेलीसच्या पोटातला फुगा

डेन्मार्कच्या दक्षिणेला, टोनरजवळच्या त्या गावात कॉफीला बोलावलं की चौदा तरी केक मांडतात, आणि प्रत्येकाची चव घ्यावीच लागते. नाही घेतली, तर करणारीचा अपमान होतो. टोवे आणि इंगेलीस अशा कार्यक्रमांत तीस वर्षं शेजारी बसल्या. दोघी सारख्याच जाड होत्या, म्हणून टोवेला स्वतःचं जाडपण कधी टोचलं नाही.

मग इंगेलीसने, थोडक्यात पोट भरावं म्हणून, पोटात फुगा बसवून घेतला. कापाकापी नाही, नळीने आत सोडला आणि पाण्याने भरला. पाच महिन्यांत ती अठरा किलो उतरली. आता ती एकाच केकचा चमचाभर खाई, आणि कुणी रागावत नसे. उलट बायका तिच्या कमरेकडे बघत राहत. टोवे आतून जळत होती. फुगा सहा महिन्यांनी काढतात, एवढाच तिला आधार होता.

एका रविवारी कॉफी टोवेकडे होती. तिने मुद्दाम इंगेलीसच्या आवडीचा काळ्या पावाचा केक केला, दुप्पट क्रीम घालून.

"घे गं, तुझ्यासाठीच केलाय."

"टोवे, गुरुवारी फुगा काढतायत," इंगेलीस हळूच म्हणाली. "मला भीती वाटते. या सगळ्या आग्रह करतील. तू तरी मला वाढू नकोस, बाई."

टोवेने पुढे केलेला तुकडा मागे घेतला.

"नाही वाढणार," ती म्हणाली. "पण इतकी छान दिसू नकोस गं. मला सहन होत नाही."

मग तो तुकडा तिने स्वतःच्या ताटलीत घेतला आणि रागारागाने सगळा संपवला.