पाठमोरे गुरुजी

महिन्याभरापूर्वी गावचे एक काका मिरच्यांची गाडी घेऊन नंदुरबारला आले होते. परत जाताना मला भेटायला कॉलेजच्या फाटकाशी थांबले. टोपी काढून म्हणाले, "बेटा, सुपडू गुरुजी गयात." ज्यांनी मला वाचायला शिकवलं ते गुरुजी वारले होते. त्यांच्याबद्दल काय लिहावं ते नीट सुचत नाही, पण लिहून पाहते.

शहाद्याकडचं आमचं गाव. वडील पटेलबाबांच्या शेतावर वर्षाच्या बोलीनं सालदार, आई आणि मी कापूस वेचायला जायचो. घरात अक्षर ओळखणारं कुणी नव्हतं. कापूस फुटला की आमच्या वस्तीतल्या पोरांची शाळा बंद पडायची आणि फार दिवस गैरहजर राहिलं की पटावरून नाव जायचं. माझ्या थोरल्या बहिणीचं असंच गेलं, ते पुन्हा लागलंच नाही. शिक्षण सक्तीचं झाल्याचा कागद चावडीवर चिकटवला होता आणि वडील त्याला पोलिसाला भ्यावं तसे भ्यायचे. चौथीच्या वर्षी गुरुजी आमच्या झोपडीशी आले, तेव्हा दंडच आला असं समजून त्यांनी हात जोडले. गुरुजी खाली बसले, प्यायला पाणी मागितलं आणि म्हणाले, "भाऊ, सक्ती मन्हावर शे, तुमनावर नही."

दुसऱ्या दिवशी दुपारी, गावातली शाळा सुटल्यावर, ते पुस्तक घेऊन शेतात हजर. पहिल्यांदा त्यांनी आम्हा सगळ्यांना बांधावर बसवलं. पण वेचणीची मजुरी वजनावर असते. संध्याकाळी आमची गाठोडी हलकी भरली आणि आयांनी कुरकुर केली. मजुरी बुडेल हे गुरुजींच्या आधी ध्यानात आलं नव्हतं. मग त्यांनी तोड काढली. एकेकानं बांधावर उभं राहून मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी वेचता वेचता ऐकायचं, आणि वाचणाऱ्याच्या वाट्याची कापसाची ओळ गुरुजी वेचणार. उपरण्याची ओटी कमरेला बांधून ते पाठमोरे वाकायचे. वाचणारा चुकला की त्यांचे हात थांबत. बोलत काही नसत. आपण शब्द पुन्हा वाचायचा, बरोबर आला की हात परत चालू. पटेलबाबा बांधावरून हसायचे, "मास्तर, शाळा सोडीसन मन्हाकडे साल धरी ऱ्हायनात का?" गुरुजी म्हणायचे, आधी मजुरी काय ती बोला. खरं तर त्यांचं वेचणं वाईट होतं. बोंडाची पत्ती कापसात यायची आणि माझी आई ती निवडत बसायची.

एका दुपारी शाळा तपासणारे साहेब आले. शाळा सुटून खोलीला कुलूप लागलं होतं, पण गुरुजींनी कचेरीत धाडलेल्या पटावर आम्हा वेचणाऱ्या पोरांचीही रोजची हजेरी होती. कुणीतरी त्यांना शेताकडे पाठवलं. मी बांधावर वाचत होते. साहेबांचे बूट ढेकळांत रुतत होते, चेहरा तापलेला. खोटी हजेरी म्हणून आमची नावं आता कापली जाणार, एवढं मलाही कळत होतं.

"गुरुजी, तुमची शाळा कुठं आहे?"

गुरुजी ओटी धरून वळले. "ही काय साहेब, वाचतेय ना."

साहेब माझ्याकडे वळले. मला म्हणाले, पुढं वाच. गुरुजी पुन्हा माझ्या ओळीत वाकले. भीतीनं माझी जीभ अडखळली आणि ते हात थांबले. साहेबांसमोर तरी ते मला शब्द सांगतील असं वाटलं होतं... त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. मी शब्द पुन्हा वाचला. हात चालू झाले. त्यानंतर साहेबांनी आमच्यातल्या प्रत्येकाला बांधावर उभं केलं. निघताना एवढंच म्हणाले की परीक्षेपर्यंत नावं राहू द्या. परीक्षेनंतरही ती राहिली. माझं तर कॉलेजच्या पटापर्यंत आलं.

होस्टेलच्या खोलीत मी अजून मोठ्यानंच वाचते. मैत्रिणी चिडवतात, खिडकी लावून घेतात. वाचताना चुकले की मी आपोआप थांबते, शब्द पुन्हा वाचते आणि जरा वाट पाहते... समोर पाठमोरे गुरुजी असतात. त्यांचे हात पुन्हा बोंडांवरून चालू लागले की मी पुढच्या ओळीवर जाते.