शालनताईचा हिरवा गोळा

हे मी आजवर कुणापाशी बोललो न्हाई. बायकोपाशीबी न्हाई. तुमच्यापाशी का बोलतोय — मलाच कळंना.

लातुरात एका स्कॅन सेंटरवर मी मशीन चालवतो. बाहेरगावचे एक डॉक्टर तिथं भीतीवर नवा इलाज करून पाहायचे. पेशंटनं मशीनमध्ये निजायचं, समोर पडद्यावर हिरवा गोळा. मेंदूतली भीतीची जागा शांत झाली की गोळा वाढतो. तो वाढवायचं पेशंटनं आपलं आपण शिकायचं.

त्यातलीच एक पेशंट शालनताई, रेणापूरकडं दिलेली. कडबा कापायच्या कुट्टीत दिराचा हात गेला तेव्हा वैरण सारायला हीच होती. तेव्हापासून कुट्टीचा आवाज आला की हातपाय गार, दातखीळ. अन् खेड्यात कुट्टी कुठं नसते हो? सहा महिने ती माहेरी होती, शिरूर अनंतपाळला. सासरी नांदायला जायचं, एवढ्यासाठीच यायची बिचारी.

शेवटच्या दिवशी — कसं सांगू? — गोळ्याचा प्रोग्रॅम सुरू करायलाच मी विसरलो. ती आत निजलेली, कानात कुट्टीचा आवाज लावलेला, पडदा कोरा. डॉक्टर फोनवर बोलत बाहेर गेलेले. थांबवलं असतं तर बोलणी बसली असती. बस्स, बोलणी! तेवढ्याला भिऊन मी नमुन्याची फाइल लावली, नव्या पेशंटला दाखवायची. त्या फाइलीत गोळा वाढतच जातो, आत कुणीबी असो.

ती बाहेर आली ती हसत, डोळे पुसत. डॉक्टरांनी पडदा पाहून कागदावर लिहिलं, सुधारणा लई चांगली. नवऱ्यानं पेढे वाटले. मीबी खाल्ला.

पंधरा दिवसांत ती परत माहेरी. सासरी शेजारी कुट्टी सुरू झाली अन् ही अंगणातच पडली. सासूनं तोच कागद पुढं केला म्हणे — मशीननं बरी झाली म्हणून सांगितलं, मग हे सोंगच की. घालवून दिली तिला.

मग एकटीच सेंटरवर आली, मला भेटायला. भांडायला आली असती तर बरं झालं असतं.

"दादा, मशीन तर खोटं बोलत न्हाई न्हवं? मग खोट माझ्यातच हाय."

डॉक्टर कधीच आपल्या गावी निघून गेलेले. मला रागावणारं तिथं कुणी नव्हतं. दोघंच होतो.

मी "व्हय" म्हणालो.