दादांचा आवाज आणि स्वस्तातलं मिक्सर

गायन पार्टीत गाणी ठरलेलीच असतात, किस्से मात्र दर कार्यक्रमाला वाढतात. आमच्या छावणीतल्या भीमगीतांच्या पार्टीचे किस्से तर पोट धरून हसवणारे! या वर्षीचे तसे नाहीत. तरी सांगतो, कारण मनात ठेवले तर झोप लागत नाही.

आमचे मुख्य गायक किसनदादा. पेटीवर रफिक, कोरसला गौतम आणि मी. उन्हाळ्यात दादांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्रच काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. दादांनी सगळं ऐकून घेतलं आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता मला विचारलं, "घरी रेकॉर्डिंग करायला काय काय लागतं रे?"

*

माइक जोडायचं मिक्सर घ्यायला अख्खी पार्टी गेली. रफिकनं शिरल्या शिरल्या बारा चॅनेलचं मागितलं. जन्म मंडपात गेलेला, त्याहून लहान मशीन त्याच्या हिशेबात मशीनच नव्हतं! दादा म्हणाले, "एवढं धूड खोलीत ठेवल्यावर आपण कुठं बसायचं, गच्चीवर?"

दुकानदारानं दोन छोटी मशीनं काढली. एकात प्रत्येक माइक वेगवेगळा रेकॉर्ड व्हायचा, दुसऱ्यात सगळं एकत्र. एकत्रवालं स्वस्त होतं. इतकी वर्षं एकत्रच गातोय, आता वेगळं करून करायचंय काय, असं म्हणत आम्ही तेच घेतलं.

*

मिक्सर पारखायची आमच्या लोकांची एकच रीत, इको! गौतमनं बटण पूर्ण फिरवलं, तसा दादांचा "जयभीम" दुकानभर घुमला. आम्ही खूश. दादांनी बटण उलटं फिरवून बंद केलं.

"इको स्टेजवर ठीक हाय. हिला मी घरात असाच ऐकू येतो."

'हिला' म्हणजे शांतावहिनींना. हे कोणासाठी चाललंय ते आमच्या तेव्हा कुठं ध्यानात आलं.

*

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी दादांच्या घरी बसलो. एक माइक दादांना, दुसरा पेटी आणि कोरसच्या मधे. वहिनींनी पंखा बंद केला, कुकर लावला नाही, जेवणाचा डबा रफिकच्या घरून आला. दादा गायले. दम तुटत होता, आवाज चिरकत होता, तरी गायले.

पार्टीचा एक धर्म असतो. गायकाचा दम तुटला की कोरसनं ओळ उचलायची, ऐकणाऱ्याला पत्ता लागू द्यायचा नाही. याला आम्ही सावरणं म्हणतो. त्या दुपारी आम्ही जीव तोडून सावरलं. दादा जिथं अडले, तिथं आम्ही हजर.

मग लॅपटॉपवर ऐकलं, तर सगळीकडं आम्हीच! दादा कुठंतरी खाली, भिंतीपलीकडून गायल्यासारखे. वेगळं काढायला जावं, तर मशीन एकत्रवालं. वहिनींनी शेवटपर्यंत ऐकलं.

"लई छान झालंय. पण ह्यांचा आवाज कुठं हाय?"

गौतम बाहेर जाऊन रडला, मी आतच रडलो. पुन्हा गायला दादांच्या घशात काही उरलं नव्हतं, आणि सकाळी ॲडमिट व्हायचं होतं.

*

ऑपरेशननंतर दादा खुणेनं बोलायला लागले, तर रफिकही त्यांच्याशी खुणेनंच बोलायला लागला! वहिनींनी आठवण करून दिली की भाऊ, ह्यांना ऐकू येतं. दादा हसले. खांदे हलले, तोंड उघडलं, आवाज काही आला नाही. रफिकनं पुढचा अर्धा तास खिडकीबाहेर बघण्यात काढला.

*

महिन्याभरानं दादांनी आम्हाला बोलावून घेतलं आणि मिक्सर जोडायला लावलं. स्वतः मशीनपाशी बसले. आपला माइक उचलून वहिनींपुढं ठेवला. वहिनी पार्टीत कधी गायल्या नव्हत्या. आमचा सराव चालायचा तेव्हा त्या आत भाकरी थापत असायच्या.

"मला नाय येत," त्या म्हणाल्या.

दादांनी रफिकला पेटीची खूण केली. गाणं दादांनीच रचलेलं, आईवरचं. वहिनींनी कापऱ्या आवाजात सुरुवात केली. दुसऱ्याच ओळीला त्यांचा दम तुटला, आणि आम्ही सवयीनं ओळ उचलली.

दादांनी आमच्या माइकची वायर उपटून काढली.

आम्ही गप्प झालो, पेटी थांबली. वहिनी थांबल्या नाहीत. दादा जिथं जिथं श्वास घ्यायचे, नेमक्या तिथंच त्या श्वास घेत होत्या.