बँकॉकला न आलेली आई

जय भीम मंडळी. आज बँकॉकमध्ये आहे. सकाळी बोटीनं नदी फिरलो, मग एका मोठ्या विहारात गेलो.

गावी औशाला घरी इथल्या तिकिटाचा विषय काढला की आई म्हणायची, "मला तिथली भाषा येत न्हाई रे. मी कुणाशी बोलू?" या उन्हाळ्यात ती वारली.

विहारात एक थाई म्हातारी हात जोडून बसली होती. तिनं सुरू केलं, "बुद्धं सरणं गच्छामि." चाल वेगळी होती, पण शब्द आई रोज संध्याकाळी म्हणायची तेच.

मीही म्हणायला लागलो. दुसऱ्या ओळीला आवाजच फुटेना. म्हातारीनं माझ्याकडं बघितलं आणि ती ओळ माझ्यासाठी पुन्हा म्हटली.

आईला इथं बोलायला माणूस होतं की हो. आता हे कुणाला सांगू?