पाच बाळांची लस

सुरगाण्याच्या डोंगरातल्या पाड्यांवर मी वीस वर्षं नर्स होते. आशाताई घरोघर फिरून बाळं गोळा करायची, अंगणवाडीच्या बाई त्यांना खेळवायच्या, पण सुई टोचायचा अधिकार माझा एकटीचा. त्याचा मला तोरा होता, खोटं कशाला बोलू?

गोवराची लस भुकटीच्या रूपात यायची, एका बाटलीत पाच बाळांपुरती. सोबतचं पाणी मिसळलं की चार तासांत संपवायची, उरली तर फेकायची. लस वाया गेली की मीटिंगमध्ये साहेबांची बोलणी खावी लागत. म्हणून पाच बाळं जमल्याशिवाय मी बाटली फोडत नसे. खरं तर एका बाळासाठीही फोडा, असं आम्हाला प्रशिक्षणात स्पष्ट सांगितलेलं होतं.

त्या गुरुवारी एकच बाळ आलं. नऊ महिने पुरे झालेली मुलगी, सारखी माझ्या पेनाला हात घालत होती.

"उद्या जीप हाय, बाई," तिची आई म्हणाली. "दिंडोरीकडं द्राक्षांवर जायचं. शिमग्यालाच येऊ."

"एकीसाठी बाटली फोडता येत नाही गं, पाच बाळं लागतात. तिकडच्या दवाखान्यात कार्ड दाखव, देतील."

"बरं," म्हणून ती गेली. मीही पेटी आवरून लवकर निघाले.

शिमग्याला ती परतली ती मुलीशिवाय. मळ्यावरच्या झोपड्यांत गोवराची साथ आली, तो पोरीच्या छातीत उतरला. दवाखान्यात जायला मुकादमाने खाडा करू दिला नव्हता.

आजार यायच्या आधी लस शरीराला त्याची ओळख करून देते, मग खरा आजार आला की शरीर त्याच्याशी लढतं, हे मी बायकांना हजारदा सांगितलं असेल. त्या पोरीला मी लढायला काहीच दिलं नव्हतं. नाशिकला घरी येऊन मी खूप रडले. पाड्यावर मात्र चूक कबूल करायची माझी छाती झाली नाही.

पुढच्या लसीकरणाला पोहोचले तर अंगणवाडीच्या ओट्यावर ही गर्दी! ती आई सकाळपासून आसपासच्या पाड्यांवर फिरली होती. कामावर निघालेल्या बायकांना तिनं वाटेतून वळवून आणलं होतं, आणि तिच्या कडेवर दुसऱ्या कुणाचं तरी बाळ होतं. मला बघताच ती लगबगीनं पुढे आली.

"पाच झाली, बाई," ती म्हणाली. "आता फोडा."